दहांपैकीं किती?

माणसानें मोजण्याचा हव्यास केव्हां धरला हें सांगणें कठीण आहे. पण एकदां धरल्यावर त्यानें फारच थोड्या गोष्टी मोजल्यावांचून सोडल्या. धान्य पायलीनें मोजलें, सोनें गुंजेनें मोजलें, जमीन बिघ्यानें मोजली, पाऊस इंचांनीं मोजला. अंगांतला ताप हा वास्तविक आईच्या तळहाताला कळणारा विषय. पण ज्वरमापकाची कांचेची नळी आली, आणि "पोराचें अंग कढत लागतें" हें वाक्य जाऊन त्याच्या जागीं "एकशेदोन आहे" हें वाक्य आलें. यांत वाईट कांहीं झालें असें मी म्हणत नाहीं. आईचा तळहात प्रेमळ खरा, परंतु तो डॉक्टरला दाखवितां येत नाहीं. आंकडा दाखवितां येतो. एका गोष्टीनें मात्र या मोजदादीला पुष्कळ काळ दाद दिली नाहीं, आणि ती म्हणजे वेदना.

आपल्या मराठीला तर वेदना मोजण्याची गरज कधीं भासलीच नसावी, इतके तिचे प्रकार भाषेनें नांवें देऊन वेगळे करून ठेवले आहेत. दाढ ठणकते, गळूं ठसठसतें, पोटांत मुरडा येतो, छातींत कळ येते, पाठींत उसण भरते, डोळ्यांची आग होते, जखम चुरचुरते, घसा खवखवतो, पायांत गोळे येतात, कंबर धरते, मान अवघडते आणि डोकें भणभणतें. या प्रत्येक शब्दांत दुखण्याचा स्वभाव आहे, त्याचा ठिकाणा आहे. आणि ऐकणारा अनुभवी असेल तर त्याला त्यांत दुखण्याचें कारणही सांपडतें. कॅनडांतील मॅक्गिल विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक यांनीं १९७५ सालीं इंग्रजींतले असेच ७८ शब्द वीस गटांत लावून रुग्णांसाठीं एक प्रश्नावली सिद्ध केली. तिच्याविषयीं वाचलें तेव्हां माझ्या मनांत आलें कीं, आपल्याकडची एखादी आजीबाई जवळ बसविली असती तर तिनें त्यांत आणखी दहापांच शब्दांची सहज भर घातली असती. पण असे शब्द ऐकून घ्यायला वेळ लागतो, आणि मोठ्या रुग्णालयांत सर्वांत दुर्मिळ औषध कोणतें असेल तर तें वेळ हेंच होय. म्हणून कीं काय, वेदनेच्या त्या सगळ्या गोतावळ्यावर अखेर एकच प्रश्न शिल्लक राहिला: शून्यापासून दहापर्यंत तुमची वेदना किती?

हा प्रश्न मीं प्रथम ऐकला तो सन २०११ च्या उन्हाळ्यांत. आम्ही उभयतां त्या वेळीं अमेरिकेंत ओहायो संस्थानांत चिरंजीवांकडे राहावयास गेलों होतों. एके दिवशीं परसांतल्या पायरीवरून आमच्या मंडळींचा पाय घसरला, आणि पडतांना टेकलेल्या उजव्या हाताचें मनगट मोडलें. आमची सूनबाई एका रुग्णालयांत परिचारिका. तिनें फळीचा तुकडा बांधून हात स्थिर केला आणि जवळच्या दुसऱ्या एका रुग्णालयांत आम्हांला नेलें. तेथें एक तरुण परिचारिका यंत्राची गाडी ढकलीत आली. तिनें ताप पाहिला, नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, आणि त्याच सुरांत वेदनेचा आंकडा विचारला. सूनबाईनें तें मराठींत सांगितलें.

"आई, शून्य म्हणजे मुळींच दुखत नाहीं. दहा म्हणजे याहून जास्त दुखणं कल्पनेतसुद्धां येत नाहीं. तुमचं किती?"

"दहा म्हणजे बाळंतपणाच्या कळा का ग?"

"तुम्हांला सर्वांत जास्त जें वाटेल तें धरा."

"मग या हाताला काय देणार बाई! आमच्या सासूबाई चुलीशीं भाजल्या होत्या, त्यांना दहा द्यायला हवेत. बाळंतपणाला आठ. हाताला मांड चार. पांच नको, पांच जरा जास्त होतील."

पोरांच्या पेपरांना गुण द्यावे तशी तिची ही काटकसर पाहून मला त्या स्थितींतही हंसूं आलें. परिचारिकेनें गंभीरपणें 'चार' हा आंकडा यंत्रांत टिपून घेतला. भिंतीवर सहा गोल चेहऱ्यांचें एक चित्र होतें. पहिला चेहरा हंसरा, आणि पुढें एकेकाचा ओंठ खालीं वळत जाऊन शेवटचा रडणारा. १९८० नंतरच्या कांहीं वर्षांत ओक्लाहोमा संस्थानांतल्या टल्सा शहरीं डोना वाँग आणि कॉनी बेकर या दोघींनीं लहान मुलांसाठीं तें तयार केलें. मुलांना आंकडे सांगतां येत नाहींत, चेहरा दाखवितां येतो, ही त्यामागची कल्पना मोठी मायेची आहे. पुढें तेंच चित्र मोठ्या माणसांच्या खोल्यांतूनही लागलें.

हात सांधून, प्लास्टर घालून आम्ही घरीं निघालों तेव्हां त्या चार गुणांचें फळ आमच्या हातीं पडलें: ऑक्सिकोडोन नांवाच्या अफूजन्य औषधाच्या चाळीस गोळ्या. मंडळींनीं त्यांतल्या तीन घेतल्या, घेरी आली म्हणून चौथी घेण्याचें नाकारलें, आणि साध्या पॅरासिटामॉलवर व प्लास्टरला नांवें ठेवण्यावर पुढचे दिवस काढले. सदतीस गोळ्या उरल्या.

त्या रात्रीं जेवणें झाल्यावर सूनबाईनें टेबलावर त्या गोळ्या मोजल्या, आणि हा प्रश्न कोठून आला व कोठें पोंचला याची हकीकत सांगितली. तिचें सांगणें ऐकल्यापासून मी त्या विषयावर जें मिळेल तें वाचीत आलों आहें. सांगितलें पाहिजे तें हें कीं, प्रश्न वाईट हेतूनें निघालेला नव्हता. १९७३ सालीं न्यूयॉर्कमधल्या मार्क्स आणि सॅचर या दोघां मानसचिकित्सकांनीं रुग्णालयांत पडून असलेल्या ३७ रुग्णांची विचारपूस केली. त्यांना अफूजन्य वेदनाशामकें चालूं होतीं. तरी जवळजवळ तीन चतुर्थांश रुग्ण मध्यम किंवा तीव्र वेदनेंत होते. डॉक्टर लागे त्याहून कमी मात्रा लिहीत, आणि परिचारिका लिहिल्याहूनही कमी देत. कारण व्यसन लागेल ही दोघांचीही भीति वाजवीपेक्षां मोठी होती. १९९३ सालीं लॉस एंजेलिस येथील एका विद्यापीठाच्या रुग्णालयांतून दुसरी एक पाहणी प्रसिद्ध झाली. हातापायांचीं लांब हाडें मोडून आलेल्या माणसांपैकीं वेदनाशामक मुळींच न मिळालेल्यांचें प्रमाण स्पॅनिश भाषिक वंशाच्या रुग्णांत इतर गोऱ्या रुग्णांच्या दुप्पट निघालें. हाड सर्वांचें सारखेंच मोडतें. पण कोणाचें विव्हळणें ऐकूं येतें आणि कोणाचें येत नाहीं, याला मात्र माणूस पाहिला जातो. अशा स्थितींत कोणी म्हणालें कीं, प्रत्येकाला विचारा आणि विचारलेलें लिहून ठेवा, तर त्यांत न्यायबुद्धिच होती.

तसें म्हणणारे गृहस्थ म्हणजे अमेरिकेंतील वेदनाविषयक संस्थेचे तत्कालीन अध्यक्ष डॉ. जेम्स कँबेल. ताप, नाडी, श्वास आणि रक्तदाब हीं प्राणाचीं चार लक्षणें परिचारिका दर वेळीं पाहते, तसेंच वेदना हें पांचवें लक्षण मानावें, असें त्यांनीं १९९५ सालीं सुचविलें. १९९९ सालीं निवृत्त सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांनीं हा दंडक स्वीकारला. रुग्णालयांना मान्यता देणारें 'जॉइंट कमिशन' नांवाचें मंडळ तेथें आहे; त्याचे वेदनेविषयींचे नियम २००१ च्या जानेवारीपासून अंमलांत आले. याच वर्षीं कॅलिफोर्नियांतल्या एका ज्यूरीनें, कर्करोगानें मरणाऱ्या वृद्धाची वेदना पुरेशी शमविली नाहीं म्हणून, एका डॉक्टरला पंधरा लक्ष डॉलरांची भरपाई देण्यास सांगितलें. विचारलें नाहीं तर मान्यता जाईल, आणि शमविलें नाहीं तर कोर्टांत उभें राहावें लागेल, असें वातावरण सर्वत्र झालें.

येथपर्यंत सर्व ठीक वाटतें. पण पहिल्या चार लक्षणांत आणि या पांचव्यांत एक मोठा भेद होता. ताप एकशेदोन आहे कीं नाहीं हें रुग्णाच्या सांगण्यावर अवलंबून नसतें. वेदनेला मात्र रुग्णाच्या शब्दावांचून दुसरा साक्षीदारच नाहीं. रुग्णाचा तो शब्द एकदां आंकडा होऊन रकान्यांत जाऊन बसला, कीं त्याला ज्वरमापकाच्या पाऱ्याची प्रतिष्ठा मिळते. ताप चढला कीं उतरवावयाचा, तसा आंकडा चढला कीं तोही उतरवावयाचा. आणि तो उतरविण्याचें सर्वांत जलद साधन म्हणजे अफूचें सत्त्व. पुष्कळ रुग्णालयांत डॉक्टरांच्या आज्ञा आंकड्यांनाच बांधलेल्या असत: एक ते तीनला साधी गोळी, चार ते सहाला अफूजन्य गोळी, सातच्या पुढें दोन गोळ्या किंवा सुई.

सूनबाई म्हणाली, "बाबा, एका खोलींत एक तरुण फोनवर हंसत बोलत असतो आणि 'आठ' म्हणतो. शेजारच्या खोलींत बरगड्या मोडलेला म्हातारा शेतकरी असतो. तो कपाळावरचा घाम पुसतो आणि 'दोन' म्हणतो, कारण रडणं त्याला लाजिरवाणं वाटतं. नियमाप्रमाणं तरुणाला सुई आणि म्हाताऱ्याला साधी गोळी. मला दिसत असतं. पण दिसतं तें लिहायला रकाना नसतो."

तिनें आणखीही एक गोष्ट सांगितली. औषध दिल्यावर ठराविक वेळांत पुन्हां आंकडा विचारून लिहावा लागे. रुग्णाला औषधानें डोळा लागलेला असे. परिचारिकेनें त्याला हलवून उठवावें आणि विचारावें कीं, आतां किती दुखतें? उठलेला माणूस बिचारा दुखणें चांचपून पाही आणि कांहीं तरी आंकडा सांगे. त्या आंकड्याला पुन्हां त्याचें औषध ठरलेलें असे. फ्लोरिडा संस्थानांतील एका कर्करोगाच्या रुग्णालयानें अशा आंकडेबद्ध पद्धतीचा स्वतःच्याच घरीं हिशेब घेतला आणि तो २००५ सालीं प्रसिद्ध केला. पद्धति येण्यापूर्वीं अफूजन्य औषधानें अति गुंगी येऊन धोका उत्पन्न होण्याचे प्रकार एक लाख रुग्णदिवसांमागें ११ होते. पद्धति आल्यावर ते २४.५ झाले. रुग्णांचें समाधान मात्र वाढलें होतें. या दोन वाक्यांत त्या सगळ्या कालखंडाचें मर्म आहे असें मला वाटतें.

हें समाधानही पुढें मोजावयाचें ठरलें. घरीं गेलेल्या रुग्णांना सरकारमान्य प्रश्नपत्रिका जाऊं लागली, आणि २००८ पासून रुग्णालयवार तिचे निकाल जाहीर होऊं लागले. तुमची वेदना कितीदां नीट आटोक्यांत होती? ती कमी करण्यासाठीं येथील लोकांनीं शक्य तें सर्व कितीदां केलें? असे दोन प्रश्न तींत होते. २०१२ च्या ऑक्टोबरपासून सरकारी विम्याच्या पैशाचा कांहीं भाग असल्या निकालांवर अवलंबून राहूं लागला. हा भाग किती, हें मीं एकदां आपल्या रुपयांच्या भाषेंत मांडून पाहिलें. पहिल्या वर्षीं शंभर रुपयांतला एक रुपया पणाला लागलेला होता. त्या रुपयांतले तीस पैसे रुग्णांच्या अनुभवाला, आणि त्या अनुभवाच्या आठ वाट्यांपैकीं एक वाटा वेदनेला. म्हणजे शंभर रुपयांमागें चार पैसेसुद्धां नाहींत! तेवढ्यासाठीं कोणी डॉक्टर विवेक विकील असें मला वाटत नाहीं. परंतु नियमाचा दाब पैशांइतकाच भयानेंही पडतो. "या महिन्यांत आपले वेदनेचे गुण खालीं आले" असें वरिष्ठांनीं सभेंत म्हटलें, कीं दुसऱ्या दिवशीं वाद घालणाऱ्या रुग्णाला नाहीं म्हणणें डॉक्टरला जड जातें. 'हो' म्हणायला एक मिनिट पुरतें; 'नाहीं' म्हणायला अर्धा तास समजूत घालावी लागते, आणि तो अर्धा तास कोणत्याच रकान्यांत जमा होत नाहीं.

अशा वेळीं विकणारा स्वस्थ बसेल तर तो विकणारा कसला? पर्ड्यू फार्मा या कंपनीनें १९९६ सालीं ऑक्सिकोंटिन हें औषध बाजारांत आणलें. वेदना नीट शमविली पाहिजे हा उपदेश डॉक्टरांना करण्यासाठीं जे शिक्षणक्रम निघाले, त्यांना या कंपनीचा पैसा होता. मान्यता देणाऱ्या त्या मंडळाच्या वेदनाविषयक शिक्षणक्रमांसही होता. व्यसनाच्या शंकेला उत्तर म्हणून १९८० सालचें एक पत्र पुढें केलें जाई. बोस्टनच्या पोर्टर आणि जिक यांनीं एका वैद्यकीय साप्ताहिकाला पांच वाक्यांत कळविलें होतें कीं, रुग्णालयांत अफूजन्य औषध मिळालेल्या ११,८८२ रुग्णांत व्यसनाचीं केवळ चारच उदाहरणें नोंदलेलीं सांपडलीं. रुग्णालयाच्या भिंतींच्या आंत, देखरेखीखालीं, थोडे दिवस दिलेल्या औषधाची ती नोंद; तिचा आधार महिनोन् महिने घरीं गोळ्या घेणाऱ्यांसाठीं घेतला गेला. २०१७ सालीं त्याच साप्ताहिकांत कोणी मोजदाद केली, तेव्हां हें पत्र ६०८ ठिकाणीं उद्धृत झालेलें आढळलें, आणि ते रुग्ण रुग्णालयांतले होते ही गोष्ट बहुतेकांनीं सांगितलीच नव्हती. कंपनीनें औषधाच्या धोक्याविषयीं दिशाभूल केल्याचा गुन्हा २००७ सालीं कोर्टांत कबूल केला. २०२० सालीं तिला पुन्हां एकदां गुन्हे कबूल करावे लागले.

२०१२ सालीं त्या देशांत अफूजन्य औषधांच्या पंचवीस कोटींहून अधिक चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या. एकेका प्रौढ माणसाला एकेक बाटली पुरावी इतक्या. त्यांतल्या कितीतरी गोळ्या आमच्या सदतीस गोळ्यांप्रमाणें घराघरांच्या खणांत पडून राहिल्या. गोळ्यांचा दुरुपयोग करणाऱ्या पुष्कळ लोकांना त्या चोरबाजारांत मिळत नसत; आप्तांच्या किंवा मित्रांच्या खणांतूनच मिळत. उरलेल्या गोळ्या पोलिसांनीं परत घेण्याचा एक दिवस तेथें २०१० पासून पाळला जाऊं लागला. त्या दिवशीं सूनबाईनें त्या बाटलीवरील नांव खोडून ती नेऊन दिली. परत आल्यावर ती एवढेंच म्हणाली, "रांग मोठी होती."

त्यानंतर काय झालें तें थोडक्यांत सांगतों. २०१६ सालीं अमेरिकन वैद्यक संघटनेनें पांचव्या लक्षणाची कल्पना सोडून द्यावी असा ठराव केला. त्याच वर्षीं त्या दोन प्रश्नांचा पैशाशीं असलेला संबंध तोडण्याचें सरकारनें ठरविलें. २०१८ पासून मंडळानेंही आपले नियम बदलले आणि आंकड्यापेक्षां रुग्णाला काय करतां येतें याकडे पाहण्यास सांगितलें. २०१९ च्या ऑक्टोबरांत वेदनेचे उरलेसुरले प्रश्नही त्या पत्रिकेंतून गेले. पण ज्यांना गोळीवांचून राहवेना ते तोंवर हेरॉइनकडे, आणि मग चोरून बनविलेल्या फेंटानिलकडे वळले होते. २०२१ सालीं अमली द्रव्यांच्या अतिसेवनानें एक लक्षाहून अधिक माणसें तेथें मेलीं; त्यांतलीं सुमारें ऐंशी हजार अफूजन्य किंवा तत्सम द्रव्यांनीं, आणि बहुतेक त्या फेंटानिलनेंच. २०२४ सालीं ही संख्या बरीच उतरली आहे. या सगळ्यांचें पाप एका प्रश्नाच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. कंपनीचा लोभ, पैसे घेऊन चिठ्ठ्या लिहिणारे दवाखाने, बंद पडलेले कारखाने आणि रिकामे झालेले गांव यांचा त्यांत फार मोठा वाटा आहे. प्रश्नानें एवढेंच केलें कीं, सज्जन डॉक्टरचा हातही त्याच दिशेला वळविला.

आणि गंमत पाहा, किंवा गंमत हा शब्द येथें शोभत नसेल तर दैवगति म्हणा, चूक लक्षांत आल्यावर तिच्यावर उपाय म्हणूनही पुन्हां आंकडाच आला! २०१६ सालच्या सरकारी मार्गदर्शिकेंत, दररोज ९० मिलिग्रॅम मॉर्फीनच्या तोडीची मात्रा ओलांडण्याचें शक्य तों टाळावें, असा सल्ला होता. तो सल्ला कित्येक डॉक्टरांनीं, विमा कंपन्यांनीं आणि संस्थानांनीं कायद्यासारखा वापरला. वर्षानुवर्षें मोठ्या मात्रेवर स्थिर असलेल्या रुग्णांच्या गोळ्या एकाएकीं तोडल्या गेल्या. कांहींना असह्य यातना झाल्या, कांहींनीं आत्महत्येचा मार्ग धरला. २०१९ च्या एप्रिलमध्यें औषधखात्याला इशारा द्यावा लागला कीं, असें एकदम तोडूं नका. आणि २०२२ च्या नव्या मार्गदर्शिकेला सांगावें लागलें कीं, हे आंकडे म्हणजे ताठर मर्यादा नव्हेत. पूर्वीं रुग्णाचा आंकडा पाहून गोळी दिली जात होती. आतां गोळीचा आंकडा पाहून ती काढली जात होती. दोन्ही वेळीं बिछान्यावरचा माणूस दोन आंकड्यांच्या मध्यें कोठें तरी राहून गेला.

हें सर्व वाचतांना एखाद्या वाचकाला वाटेल कीं, तो प्रश्न आपल्याकडे आला नाहीं हें बरेंच झालें. तसें वाटूं नये म्हणून आमच्या घरांतली एक गोष्ट सांगतों. माझे थोरले बंधू अण्णा १९९६ सालीं कर्करोगानें गेले. मुंबईस उपचार झाले, आणि पुढें कांहीं करण्यासारखें नाहीं असें ठरल्यावर आम्ही त्यांना जिल्ह्याच्या गांवीं घरीं आणलें. रोग हाडांत उतरला होता. रात्रीं ते पंच्याचा बोळा दातांत धरून पडत, म्हणजे वहिनींना आवाज जाऊं नये. तिथल्या डॉक्टरांना आम्हीं मॉर्फीनविषयीं विचारलें. ते सज्जन गृहस्थ होते, त्यांनीं डोळे खालीं घातले आणि म्हणाले, "तें मी ठेवीत नाहीं. निरनिराळ्या खात्यांचे परवाने काढायचे, आणि एका गोळीचा हिशेब चुकला तर तुरुंग."

त्यांचें म्हणणें खरेंच होतें. १९८५ सालच्या अमली पदार्थांच्या कायद्यानें चोरट्या व्यापाराला दहा दहा वर्षांच्या शिक्षा सांगितल्या, आणि त्याखालच्या नियमांनीं औषधालाही इतके परवाने लावले कीं, बहुतेक रुग्णालयांनीं तें ठेवणेंच सोडून दिलें. पुढच्या दहाबारा वर्षांत देशांतला मॉर्फीनचा वैद्यकीय वापर घसरत घसरत नांवापुरता उरला. आणि हें कोणत्या देशांत? जेथें मंदसौर-नीमचच्या शेतांत सरकारी परवान्यानें अफू पिकते, नीमच आणि गाझीपूर येथें ती सरकारी कारखान्यांत जाते आणि परदेशांतल्या रुग्णांच्या औषधासाठीं जहाजांवर चढते, त्या देशांत! अण्णांच्या खाटेपासून तीं शेतें एका रात्रीच्या प्रवासापेक्षां फारशीं दूर नव्हतीं.

पुतण्यानें अखेर मुंबईस खेपा घालून, कागद दाखवून, गोळ्या आणल्या. त्या सतरा दिवस पुरल्या, आणि अण्णाही सतराच दिवस पुरले. त्या दिवसांत त्यांनीं पंचा दातांत धरला नाहीं. वर्तमानपत्र वाचून दाखवावयास सांगितलें, शेताच्या वाटणीचे कागद पुरे केले, नातीला शेजारीं बसवून तिचे पाढे ऐकले. अफू हा शब्द उच्चारला कीं मला हे सतरा दिवस आठवतात. आणि सूनबाईला ती रांग आठवते. आम्ही दोघेही खरें तेंच आठवतों.

अण्णांना "दहांपैकीं किती?" असें त्यापूर्वीं कोणीं विचारलें नव्हतें. मला नंतर पुष्कळदां वाटलें कीं, न विचारण्याचें कारण निर्दयपणा नसून लाज हें होतें. ज्या प्रश्नाचें उत्तर आपल्यापाशीं नाहीं तो विचारण्याचें धैर्य होत नाहीं. तिकडे उत्तर म्हणून गोळी हाताशींच होती, म्हणून प्रश्न घाईघाईनें विचारला गेला. इकडे गोळी नव्हती, म्हणून प्रश्नच गिळला गेला.

सुदैवानें आपल्याकडेही माणसें स्वस्थ बसलीं नाहींत. मुंबईस वांद्र्याला शांति अवेदना सदन हें मरणोन्मुख कर्करुग्णांचें शुश्रूषागृह १९८६ सालींच निघालें होतें. केरळांत डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं साध्या स्वयंसेवकांच्या मदतीनें घरोघर जाऊन वेदना शमविण्याची रीत घातली, आणि कायदा बदलावा म्हणून वर्षानुवर्षें खटपट केली. २०१४ सालीं संसदेनें तो बदलला. मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना एकाच परवान्यावर मॉर्फीन ठेवण्याची मोकळीक झाली. तरी कायदा बदलणें आणि तालुक्याच्या गांवीं गोळी मिळणें यांच्यामध्यें अजून बरेंच अंतर आहे, हें घरांत असा आजारी असलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

आतां तो प्रश्न आपल्या मोठ्या रुग्णालयांतही आला आहे. मान्यतेच्या नियमांबरोबर भिंतीवर तेच सहा चेहरे आले आहेत, परिचारिकेच्या तक्त्यांत तोच रकाना आला आहे. त्याचें मी स्वागतच करतों. नियमाला एवढेंच करतां येतें कीं, विचारणें टाळूं देऊं नये. आणि विचारणें टाळलें तर काय होतें तें आमच्या घरानें पाहिलें आहे. परंतु उत्तराला कान देण्याचें काम कोणत्याही नियमाला करतां येणार नाहीं. त्यासाठीं आंकड्याच्या पुढें आणखी दोनतीन प्रश्न विचारावे लागतात, आणि ते इतके साधे आहेत कीं त्यांना वैद्यकाच्या पदवीची गरज नाहीं. रात्रीं झोंप लागली का? कुशीवर वळतां येतें का? स्वतःच्या हातानें घांस घेतां आला का? दुखतें तें ठणकतें, कीं जळजळतें, कीं नुसतें भरून आल्यासारखें होतें? एखाद्याला 'आठ' असूनही तो अंगणापर्यंत चालून आला असेल, तर आजची गोळी थोडी कमी चालेल. एखाद्याला 'तीन' असून त्यानें दोन दिवस डोळा मिटला नसेल, तर त्याच्या 'तीन'वर विश्वास ठेवूं नये.

सूनबाई अजून त्याच कामावर आहे. मध्यंतरीं तिनें फोनवर सांगितलें कीं, तिच्या खात्यांत आतां पाटीवर वेदनेच्या आंकड्याचें ध्येय लिहीत नाहींत. रुग्णाला आज काय करावयाचें आहे तें लिहितात. परवां एका म्हातारबुवांनीं लिहावयास सांगितलें, 'खिडकीपर्यंत जाणें.' औषध किती द्यावयाचें तें डॉक्टरांनीं त्यावरून ठरविलें, आणि संध्याकाळीं म्हातारबुवा खिडकीपर्यंत गेले.